गाडी पोहोचली, वे-बिल बाकी आहे

कोल्हापूर,
चैत्र वद्य पंचमी

चि. लेकीस,

अनेक उत्तम आशीर्वाद.

मलेशियातल्या तंजुंग पियाईबद्दल तू पाठवलेला मजकूर तुझ्या आईने मला मोठ्याने वाचून दाखवला आणि नंतर मी चष्मा लावून तो स्वतः पुन्हा वाचला. उझबेकिस्तानातल्या खिवा शहराच्या मातीच्या तटापासून निघून, मध्ये एकदाही विमानात न बसता, कधी बसने, कधी रेल्वेने, कधी आपल्याकडे ज्याला वडाप म्हणतात तशा खचाखच भरलेल्या मोटारीने (एसटीतल्या माणसाच्या मुलीने वडापने वाळवंट ओलांडावे, याचे मला जे वाटायचे ते वाटलेच) आणि काहीच मिळाले नाही तिथे पाठीवरचे ओझे घेऊन पायी, अशी तू आशिया खंडाच्या मुख्य भूमीच्या अगदी दक्षिण टोकावर जाऊन उभी राहिलीस. तिथे खारफुटीच्या चिखलावरून जाणारी फळ्यांची वाट आहे, माकडे आहेत, हे दक्षिण टोक असल्याचे सांगणारा फलक आहे आणि समोर सामुद्रधुनीत ओळीने थांबलेली मालवाहू जहाजे आहेत, असे तू लिहिले आहेस. पुढे तुझे वाक्य असे आहे : "इथे पोहोचल्यावर आत काहीतरी होईल असे वाटले होते, पण काहीच झाले नाही, बिस्किटांचा पुडा संपवला आणि परत पोंतियानला जायला गाडी कुठे मिळेल ते विचारत बसले." आणि शेवटी तू विचारले आहेस की, आता मलाक्क्यात आलेच आहे, तर इथून बोटीने सुमात्राला जाऊन प्रवास आणखी थोडा वाढवू का?

फोनवर याचे उत्तर नीट देता येत नाही. आवाज तुटतो, आई मधेच जेवणाचे विचारते आणि तू "बरं अण्णा" म्हणून मोकळी होतेस. म्हणून हे पत्र लिहीत आहे. कागदावर लिहून त्याचे फोटो पाठवीन, तू सवडीने वाच.

माझे मत आधीच सांगतो. सुमात्राला जाऊ नकोस, परत ये. तुझ्याजवळ पैसे किती उरले आहेत याचा हिशेब मी मांडलेला नाही आणि काळजीचे म्हणशील तर ती चीनच्या सरहद्दीपर्यंत जेवढी होती तेवढी आता राहिलेली नाही. माझे कारण वेगळे आहे. माझ्या समजुतीप्रमाणे तुझा प्रवास तंजुंग पियाईला संपलेला नाही. तो त्याच्या बराच आधी संपला होता, म्हणून त्या टोकावर तुला काही वाटले नाही.

हे मी कशावरून म्हणतो ते ऐक. समरकंदहून तू फोन केला होतास तेव्हा रेगिस्तान चौकातल्या तीन मदरशांबद्दल दोन वाक्ये बोललीस आणि उरलेला सगळा वेळ सियाब बाजारातल्या रोटी विकणाऱ्या बाईबद्दल बोललीस. तंदूरच्या भिंतीला लावून भाजलेली ती जाड कडांची गोल रोटी, तिच्या मधोमध फुगू नये म्हणून टोचायचा तो खिळ्यांचा ठसा, त्या ठशाचे चेकिच हे नाव आणि रोटी पालथी ठेवलीस म्हणून त्या बाईने तुझ्या हातावर मारलेली चापट, हे सगळे आम्ही घरात बसून पाहिल्यासारखे पाहिले. दुसऱ्या दिवशी तिथला जुना राजा उलुग बेग याच्या वेधशाळेचे सांगितलेस : जमिनीखाली उतरत जाणारी ती दगडी कमान, दुर्बीण नसतानाच्या काळात त्याने केलेली १,०१८ ताऱ्यांची यादी आणि १४४९ मध्ये पोटच्या मुलाच्या हुकमावरून झालेला त्याचा वध. (या शेवटच्या माहितीच्या वेळी तुझ्या आईने माझ्याकडे का पाहिले, ते मला समजले नाही.) खोरगोसच्या सरहद्दीवरून तू कळवलेस की कझाकस्तानचे रूळ १,५२० मिलिमीटरचे आणि चीनचे १,४३५ मिलिमीटरचे असल्यामुळे मालगाड्यांचा माल तिथे एका गाडीतून दुसरीत चढवावा लागतो, आणि तुझे बोलणे पुरे होण्याआधीच मी तुला मिरज स्टेशनचे सांगू लागलो, कारण एके काळी तिथे ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज असे तिन्ही मापांचे रूळ होते. लाओसमध्ये तू नव्या रेल्वेत बसलीस तेव्हाही तसेच झाले. २०२१ च्या डिसेंबरपर्यंत ज्या देशात थायलंडच्या सीमेलगतचा साडेतीन किलोमीटरांचा तुकडा एवढीच रेल्वे होती, तिथे बोटेनपासून विएनतिएनपर्यंत ४२२ किलोमीटरांचा मार्ग झाला; आणि तो टाकण्याआधी, युद्धात पडून न फुटलेले बॉम्ब त्या पट्ट्यातून शोधून काढावे लागले, हे तुला शेजारच्या प्रवाशाने हाताच्या खुणांनी सांगितले होते.

मग तू विएनतिएनच्या खाली मेकाँग नदीवरचा पूल ओलांडून थायलंडमध्ये उतरलीस, आणि तिथून पुढचे तुझे फोन मी आठवून पाहतो. "छान आहे." "गर्दी आहे." "वायफाय चांगले आहे." बँकॉकच्या मुक्कामाचे भाडे किती होते ते मला ठाऊक आहे, पण बँकॉकमध्ये तुझे कोणाशी बोलणे झाले, ते ठाऊक नाही. पेनांगबद्दल तू इतकेच म्हणालीस की, "जॉर्जटाउनमध्ये भिंतींवर चित्रे आहेत." यात दोष थायलंडचा नाही आणि मलेशियाचाही नाही, त्या देशांतही रोटी भाजणाऱ्या बायका असणारच. डोळे भरले होते, एवढाच त्याचा अर्थ. माणसाला भूक संपल्याचे कळते तसे पाहणे संपल्याचे कळत नाही. पाय चालत राहतात, नकाशावर पुढचे गाव दिसते आणि पोहोचणे हेच काम होऊन बसते. सुमात्राला गेलीस तर तिथूनही तू मला वायफायचीच बातमी देशील.

तू ज्या गावात बसून हे वाचणार आहेस, त्या गावाला परतण्याचे वावडे कधी नव्हते. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरची, गुजरातची आणि तमिळ मुलखाची गलबते नैर्ऋत्येच्या वाऱ्यावर मलाक्क्याला पोहोचायची. चीनची जहाजे ईशान्येच्या वाऱ्यावर यायची. आणि दोघांनाही परत जायचे तर वारा फिरेपर्यंत महिनोन् महिने तिथेच थांबावे लागायचे. तेवढ्या काळात माल विकला जायचा, हिशेब व्हायचे, काही जण तिथेच लग्ने करून राहायचे. पण वारा फिरला की ज्याला निघायचे तो निघायचा, कारण तो वारा चुकवला तर पुढच्या वर्षीपर्यंत वाट पाहणे आले. परत निघण्यात कोणाला कमीपणा वाटत नव्हता. सौदागराला घरी पोहोचूनच नफा मोजता येत असे, त्यामुळे फेरीचा निम्मा भाग जाण्याचा आणि निम्मा येण्याचा, हे आधीपासून ठरलेले असे. १५११ मध्ये आफोंसो द अल्बुकेर्कने ते बंदर जिंकले. त्याच्या आदल्या वर्षी त्याने गोवा घेतला होता. तू तिथला पोर्तुगिजांचा जुना दरवाजा पाहशीलच, म्हणून एवढे सांगितले.

तू निघाल्यापासून मी करवीर नगर वाचन मंदिरात बराच वेळ बसतो, हे तुला आईने सांगितले असेल. १८५० पासून चालत आलेल्या त्या वाचनालयात तुझ्या वाटेवरच्या गावांबद्दल जे काही मिळाले ते मी वाचले आणि त्यात चिनी बौद्ध यात्री युआन श्वांग माझ्या मनात घर करून बसला. शाळेत तो आपल्याला हर्षवर्धनाच्या धड्यात दोन ओळींपुरता भेटतो. दुसऱ्या पुलकेशीच्या काळात तो महाराष्ट्रातही आला होता आणि इथले लोक उपकार विसरत नाहीत, अपमानही विसरत नाहीत, असे त्याने नोंदवून ठेवले आहे. कोल्हापूरच्या कोणत्याही तालमीत हे वाचून दाखवले तर लोक माना डोलावतील. परंतु त्याच्या जाण्यापेक्षा त्याच्या परतण्याने मला अधिक विचारात पाडले, आणि त्या परतण्याबद्दल आपल्याकडे कोणी फारसे बोलत नाही.

तुर्फानजवळच्या गाओचांगच्या ज्या पडक्या मातीच्या भिंतींचे फोटो तू पाठवलेस, त्या भिंती एका राजाची राजधानी होत्या. युआन श्वांग तिथे पोहोचला तेव्हा तो राजा त्याला जाऊच देईना. इथेच राहून आम्हाला धर्म शिकव, म्हणून हट्ट धरला. युआन श्वांगाने अन्नपाणी सोडले तेव्हा राजा नरमला आणि परत येताना तीन वर्षे माझ्याकडे राहीन, असे वचन घेऊन त्याने त्याला निरोप दिला. नुसता निरोप दिला नाही, तर वाटेतल्या चोवीस राज्यांच्या नावे पत्रे दिली, घोडे दिले, माणसे दिली. युआन श्वांग परत यायला निघेपर्यंत तो राजा मरण पावला होता आणि ६४० मध्ये चीनच्या तांग बादशहाच्या सैन्याने ते राज्यच जिंकून घेतले होते. वचन पाळायला जागाच उरली नाही. तो दक्षिणेकडच्या खोतानच्या वाटेने वळला. लेकी, तू त्या भिंतींजवळ उभी राहून फोटो काढलास तेव्हा हे तुला माहीत होते की नाही, ते मला कळलेले नाही; नसेल तर तो फोटो पुन्हा एकदा उघडून बघ.

पुढचे आणखी ऐकण्यासारखे आहे. सिंधू नदी ओलांडताना त्याच्या सामानाची नाव हेलकावली आणि पन्नासेक पोथ्या व जमवलेली फुलांची बियाणी पाण्यात गेली. तो मुळात बादशहाच्या परवानगीशिवाय देश सोडून गेलेला असल्यामुळे खोतानला पोहोचल्यावर त्याने आधी पत्र पाठवून क्षमा मागितली आणि उत्तर येईपर्यंत कित्येक महिने तो तिथेच थांबला. त्या अवधीत हरवलेल्या पोथ्यांच्या नकला मिळवण्यासाठी त्याने माणसे धाडली. ६४५ मध्ये तो चांगआनला, म्हणजे तू डिसेंबरच्या थंडीत पाहिलेल्या शिआनला, ६५७ ग्रंथ घेऊन पोहोचला. बादशहाने त्याला मोठे पद देऊ केले. त्याने ते नाकारले, बादशहाच्या सांगण्यावरून पाहिलेल्या देशांचा वृत्तांत सांगून लिहवून घेतला आणि नंतर ६६४ मध्ये मरेपर्यंत बसून भाषांतराचे काम केले. त्या पोथ्या ठेवण्यासाठी ६५२ मध्ये बांधलेला मनोरा तू पाहिला आहेस. त्याचे तिकीट महाग होते, अशी तक्रारही तू केली होतीस. प्रवासाला त्याची सोळा-सतरा वर्षे गेली आणि घरी येऊन बसल्यावर एकोणीस वर्षे गेली. हरवलेल्या पोथ्या त्याच्या डोक्यातून मात्र गेल्या नव्हत्या : परतून कितीतरी वर्षे झाल्यावर त्याने भारतातल्या आपल्या ओळखीच्या पंडिताला पत्र लिहून त्यांची यादी पाठवली आणि शक्य असेल तर नकला पाठवा, अशी विनंती केली.

तू काही युआन श्वांग नाहीस आणि मी तुला एकोणीस वर्षे बसवून ठेवणार नाही. तरीही बसण्याचे काम आहेच, आणि ते काय आहे हे मला माझ्या नोकरीच्या भाषेतच सांगता येईल.

गाडी शेवटच्या थांब्याला लागली आणि प्रवासी उतरले म्हणजे वाहकाची फेरी संपत नाही. यंत्रे येण्याच्या आधी, म्हणजे तिकिटांचा ट्रे आणि पंच असण्याच्या काळात, आगारातून निघताना प्रत्येक किमतीच्या गड्डीचा पहिला क्रमांक वे-बिलावर, म्हणजे फेरीच्या हिशेबाच्या कागदावर, लिहिलेला असायचा आणि वाटेत टप्प्याटप्प्याला तो क्रमांक पुढे मांडत जावे लागायचे. सहा किलोमीटरांचा एक टप्पा. गगनबावड्याच्या पावसात, गाडीतला दिवा लुकलुकत असताना, उभ्या प्रवाशांच्या खांद्यांमधून हात काढून मी ते आकडे लिहिले आहेत. आगारात आल्यावर शेवटचे क्रमांक मांडायचे, वजाबाकी करायची, गुणाकार करायचा आणि आलेली रक्कम रोकडीशी जुळवायची. कमी भरली तर खिशातून घालायची. मुक्कामाच्या गाडीवर असले की हे सगळे रात्री कंदिलापाशी व्हायचे. ज्यांनी ते सकाळवर ढकलले त्यांचा हिशेब जुळलेला मी फारसा पाहिला नाही, कारण सकाळी शिवडाव फाट्याला उतरलेली ती तीन माणसे होती की चार, हे आठवत नाही.

तुझे वे-बिल बाकी आहे. निघताना मी तुला एकच गोष्ट बजावली होती की तिकीट टाकू नकोस, आणि तू ती पाळली आहेस याचा मला आनंद आहे. पण ती तिकिटे तू प्लास्टिकच्या पाकिटात ठेवली आहेस, असे बोलण्यात आले. ती आधी बाहेर काढ. हल्लीच्या यंत्रांतून निघणाऱ्या तिकिटांवर शाई नसते. कागदाला लावलेला लेप उष्णतेने काळा पडतो आणि तीच अक्षरे ऊन, उष्णता व काही प्रकारच्या प्लास्टिकच्या संपर्काने उडून जातात. आमच्याकडे ही यंत्रे आल्यावर प्रवासखर्चासाठी जपून ठेवलेली कोरी तिकिटे घेऊन लोक खिडकीशी भांडायला यायचे. ताश्कंदचे, आल्माटीचे, विएनतिएनचे असे एकेक तिकीट साध्या कागदावर मांडून त्यावरचा मजकूर वहीत उतरवून घे. चीनमधल्या रेल्वेचे तर तुझ्याजवळ काहीच नसेल, कारण तिथे पासपोर्ट हेच तिकीट. खोरगोसचा आत येण्याचा शिक्का आणि मोहानचा बाहेर पडण्याचा शिक्का, यांच्यामधले ते हजारो किलोमीटर फक्त तुझ्या डोक्यात आहेत. तिथपासूनच सुरुवात कर.

काय लिहायचे, असे विचारशील. तारीख, कुठून कुठे, कोणते वाहन, भाडे त्यांच्या चलनात किती, शेजारी कोण बसले होते, काय खाल्ले, काय समजले नाही. विशेषणे नकोत. "छान" हा शब्द तर नकोच. हे कोणाला दाखवण्यासाठी नाही, त्यामुळे भाषेची चिंता करू नकोस.

आणि हे मी घाईने करायला सांगतो आहे, त्यालाही कारण आहे. २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात, राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेने ४३ फुटांची धोक्याची पातळी केव्हाच ओलांडली होती आणि शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आल्यामुळे वाहतूक बंद होती, तेव्हा स्थानकावर अडकलेल्या प्रवाशांची गोष्ट मी आजवर कितीतरी जणांना सांगितली आहे. शहरातल्या लोकांनी घरोघरून भाकऱ्या आणल्या, मुलांसाठी दूध आणले, कोणी उपाशी झोपले नाही, अशी ती गोष्ट आहे आणि ती खरी आहे. गेल्या दिवाळीत माळा आवरताना त्या दिवसांतली माझी खिशातली डायरी सापडली. तिच्यात भाकऱ्यांबद्दल एक ओळ आहे. बाकी पानांवर असे आहे की, एक वृद्ध जोडपे पिंजऱ्यातल्या पोपटासह फलाटावर बसून होते आणि पोपटाला पेरू मिळावा म्हणून आजी येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत होत्या. एका चालकाने आपल्या गाडीत पाच मुलांना अंकलिपी शिकवायला घेतली होती. आणि दोन प्रवाशांचे मोबाइल चार्ज करण्यावरून हाणामारी होता होता थांबली. यातले एकही मला आठवत नव्हते. सांगून सांगून भाकऱ्यांची गोष्ट गुळगुळीत झाली होती आणि तिने बाकीच्यांना बाहेर काढले होते.

कोल्हापुरात पाऊल ठेवलेस की तुझेही तेच होईल. गल्लीत आतापासूनच विचारणा सुरू आहे. "पोरगी एकटीच फिरतीया न्हवं? भ्या न्हाई वाटत?" असे दूधवाल्या मावशी रोज विचारतात, त्यांच्या स्वरात काळजी निम्मी आणि कौतुक निम्मे असते. तुझे मामा खर्चाचा आकडा विचारतील आणि त्यात केवढा प्लॉट आला असता तेही सांगतील. आत्या लग्नाचे काढतील. आणि सगळे जण शेवटी एकच विचारतील की, एवढे फिरून मिळाले काय? तू सुरुवातीला खरे उत्तर शोधशील, मग दमशील आणि मग एक तयार उत्तर बनवशील, ज्यात माणुसकी सगळीकडे सारखीच असते वगैरे असेल. ते उत्तर लोकांना द्यायला माझी हरकत नाही. पाहुण्याला चहा द्यावा तसे ते द्यावेच लागते. परंतु त्याआधी वही भरलेली असू दे.

मी स्वतः तुला तो प्रश्न विचारणार नाही. प्रवासाने माणूस बदलतो, असे लोक म्हणतात. आयुष्यभर तिकिटे फाडून मी सांगतो की, बहुतेक माणसे चढताना जशी असतात तशीच उतरतात, आणि त्यात वाईट काही नाही. तू बदलून यावेस अशी माझी अपेक्षा कधीच नव्हती. जाताना तू भांडकुदळ होतीस, मोजके बोलणारी होतीस आणि नकाशा घेऊन झोपणारी होतीस; तशीच परत आलीस तर घरात अडचण कोणालाच नाही.

आपल्याकडे जाण्याचे जेवढे कौतुक होते तेवढे येण्याचे होत नाही, हे खरे. माउलींची पालखी पंढरपूरला जाते तेव्हा रस्ते भरून वाहतात, वर्तमानपत्रांची पाने भरतात. परंतु तीच पालखी पौर्णिमेचा काला झाल्यावर आळंदीला परत निघते, जाताना जितके दिवस लागले त्याच्या साधारण निम्म्या दिवसांत पोहोचते आणि तिच्याबरोबर मोजकीच माणसे असतात. तुझ्या आजोबांनी एकदा ही परतवारी केली होती. ते म्हणायचे की जाताना गर्दीमुळे समोरच्याच्या पाठीपलीकडे काही दिसत नाही. येताना गावे दिसली. तू विमानाने येणार असल्यामुळे तुला हे जमणार नाही. मग निदान मुंबईपासून पुढे तरी रस्त्याने किंवा रेल्वेने ये, दुसरे विमान पकडू नकोस.

आल्यानंतर काय करायचे, याचा निर्णय तू मलाक्क्यात बसून घेऊ नकोस. जुन्या कचेरीतून पुन्हा बोलावणे आले आहे, असे तू मागे म्हणाली होतीस. त्यांना जूनपर्यंत थांबता येते का ते विचार, नाही म्हणाले तर नाही. माझे निवृत्तिवेतन आणि आईची शिकवणी यांवर तिघांचे घर पावसाळाभर सहज चालते. वरची खोली रिकामी केली आहे. तिथे मी माझी पुस्तके नेऊन ठेवली होती, ती पुन्हा खाली आणली. टेबल तेवढे राहू दिले आहे, कारण वही भरायला ते लागेल. खिडकीतून दिसणारे शेजारचे बांधकाम अजून संपलेले नाही, दुपारी आवाज होतो, तेव्हा सकाळी लवकर बसण्याची सवय ठेवावी लागेल.

आता येण्याचे. क्वालालंपूरहून मुंबईला उतरशील त्या दिवसाचे विमान दुपारपर्यंत पोहोचणारे घे, म्हणजे रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस मिळेल आणि सकाळी तू घरी असशील. ही गाडी पुढे कुठे जात नाही, १८९१ मध्ये मिरजेहून आलेला लोहमार्ग कोकणात उतरवण्याच्या गोष्टी मी नोकरीला लागण्याच्या आधीपासून ऐकतो आहे, तेव्हा झोप लागली तरी स्टेशन चुकण्याची भीती नाही. या दिवसांत सुट्ट्यांमुळे प्रतीक्षा यादी मोठी असते, म्हणून तारीख नक्की होताच मला लगेच कळव. रेल्वेचे जमले नाही तर मुंबई सेंट्रलहून एसटी आहे, आणि खिडकीजवळची जागा मिळवून देण्याइतकी ओळख अजून शिल्लक आहे.

आईचे आशीर्वाद. ती म्हणते की भेटवस्तू काही आणू नकोस, पण समरकंदचा तो खिळ्यांचा ठसा विकत घेतला असशील तर तो सामानात आत ठेव, हातातल्या पिशवीत नको. विमानतळावर काढून घेतील.

तुझे,
अण्णा

ता. क. विमानाचे तिकीट काढलेस की तेही छापून घे आणि वहीत लाव.